सोंगाला वाचा फुटू द्या!

सोलापुरात एखादं नवं दुकान उघडलं, की दारात अस्वल येऊन उभं राहतं. कधी अस्वल, कधी पांडा, कधी टीव्हीवरचा एखादा मिशीवाला कार्टून. ते हात हलवतं, पोरांना टाळी देतं, फोटोला उभं राहतं. तोंडावर कायम एकच हसू. पारा चाळिशी ओलांडू दे, नाहीतर मागून कुणी टारगट पोरगं शेपूट ओढू दे, हसू काही हलत नाही. हलणार कसं? ते शिवलेलं आहे.

आत कोण आहे, हे आपण विचारत नाही. बहुतेक वेळा आपल्याच वयाचा कुणीतरी असतो. दिसायला एवढीशी जाळी, श्वासाला त्याहून कमी जागा, आणि बोलायची तर सोयच नाही. बोलला तरी एवढ्या फोममधून शब्द बाहेर येणार थोडाच.

पोटासाठी हा पोशाख घालणाऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. हे अस्वल दुकानाच्या दारातून उठून आता आपल्या कॉलेजात येऊन बसलंय. गॅदरिंगची थीम ठरली, शोभायात्रा ठरली, पथनाट्यात एक प्राणी हवा असं ठरलं, की पुढचा फोन थेट ड्रेपरीवाल्याला. 'वाघ आहे का? साइज काय? किती दिवसांचं भाडं?' झालं. मग प्रयोगाच्या दिवशी मधोमध तोंड मिटलेला वाघ उभा, आणि वाघाचे संवाद बाजूला माइक धरून दुसरीच मुलगी म्हणतेय. प्रेक्षक बघतात माइककडे. वाघ उगाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वर्षी सोंग भाड्याने आणू नका, बनवा. आणि बनवताना बाकीचं जमो न जमो, त्याचं तोंड हलेल एवढं बघा.

तोंड हलण्याने एवढं काय होतं, हे बघायला एक जुना पायमोजा पुरे. हातात घाला, चार बोटं वर, अंगठा खाली, आणि मित्राशी बोलायला लागा. दोन मिनिटांत तो तुमच्याकडे बघायचं सोडून मोज्याकडे बघायला लागतो. वर मोज्यालाच उत्तरं देतो. त्याला पक्कं माहीत असतं की हा मोजा आहे आणि काल तो पायात होता. तरीही. आवाज नेमका कुठून येतोय हे ठरवताना कानापेक्षा डोळ्यांचं जास्त चालतं. जे तोंड हलताना दिसतं, त्याच्या नावावर आपण आवाज जमा करून टाकतो. थिएटरमध्ये आवाज स्पीकरमधून येतो, पण आपल्याला तो हिरोच्या ओठांतून आल्यासारखा वाटतो, तो याच हिशेबाने.

मराठी माणसाला तर हे वेगळं सांगायलाच नको. यशवंत पाध्ये यांनी अर्धवटराव उभा केला १९१६ मध्ये. शंभरी ओलांडली की त्याने! पुढे रामदास पाध्ये यांनी त्याला चालवलं, बोलवलं, जोडीला आवडाबाई आणि आणखी कितीतरी पात्रं आणली. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा त्यांचाच. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचूचा बाहुलाही त्यांच्याच हातचा. लहानपणी तात्या विंचूला आपण नेमके कधी टरकायचो, आठवून बघा. बाहुला नुसता बसलेला असायचा तेव्हा एकवेळ चालायचं. जबडा खाली यायचा आणि आवाज निघायचा, तेव्हा आपण पांघरुणात.

अर्धवटरावाची गंमत आणखी वेगळी आहे. नाव अर्धवट, पण बोलणं चोख. समोरच्या पाहुण्याला जे माणूस तोंडावर बोलू शकत नाही, ते बाहुला बोलून जातो आणि पाहुणाही हसत हसत ऐकून घेतो. तमाशातल्या सोंगाड्याला हीच सवलत असते. भारुडात तर सोंग घेऊनच लोकांचे कान उपटले जातात. सोंग घेतलेल्याचं बोलणं लोक मनावर घेत नाहीत, म्हणून ऐकून घेतात, आणि ऐकल्यावर ते मनात राहतंच. कॉलेजच्या पोरापोरींना ही सवलत फुकट मिळू शकते. आपण मात्र पैसे देऊन मुकं सोंग आणतो.

आणि हे काही फार मोठ्या लोकांचं काम नाही. जिम हेन्सन कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा, १९५५ मध्ये, त्याने आईचा जुना हिरवा कोट कापला, पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे डोळे म्हणून लावले, आणि त्यातून केरमिट नावाचा तो जगप्रसिद्ध हिरवा बाहुला तयार झाला. सगळा खटाटोप एका जुन्या कोटाचा. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं आणि २००६ मध्ये त्याचंच आपल्याकडचं भावंड, 'गल्ली गल्ली सिम सिम'. शाळेच्या गणवेशातली चमकी आठवतेय? आणि तो भला मोठा सिंह, बूम्बा? चमकी हातात घालायची बाहुली होती. बूम्बा अंगात घालायचा पोशाख होता, आत अख्खा माणूस. तरी त्याचं तोंड हलायचं, म्हणून तो दुकानाच्या दारातला पांडा झाला नाही, बूम्बा झाला.

सेसमी स्ट्रीटवरचा बिग बर्ड हा याच प्रकारातला. पिवळा धमक पक्षी, उंची ८ फूट २ इंच. कॅरोल स्पिनी नावाचा माणूस १९६९ पासून जवळपास पन्नास वर्षं त्याच्या आत होता. उजवा हात सरळ डोक्याच्या वर, पक्ष्याच्या डोक्यात घातलेला. त्या हाताने चोच उघडायची-मिटायची. डावा हात डाव्या पंखात. उजवा पंख नुसता भरलेला, पण मासे धरायच्या दोऱ्याने डाव्या पंखाला असा बांधलेला, की डावा हलला की उजवाही हलतो. बाहेर बघायला भोक नाही, म्हणून छातीवर छोटासा टीव्ही बांधलेला. कॅमेऱ्यात पक्षी कसा दिसतोय ते त्यात बघून काम करायचं. आता एक हात वर धरून घड्याळात पाच मिनिटं मोजा. मग पन्नास वर्षांचा विचार करा.

बिग बर्डची एवढी कथा सांगितली, कारण मोठा पक्षी आपल्याकडेही आहे. आहे म्हणावं की होता म्हणावं, हाच वांधा आहे. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज येतं. तिथलं माळढोकचं अभयारण्य १९७९ सालचं. माळढोकचा नर उभा राहिला की मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. २०११ पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त या गटात आहे. अख्ख्या देशात मिळून दीडशेच्या आतबाहेर उरले असावेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्या माळावर एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळरानं नांगरली गेली. वरून विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि एवढं अंग ऐनवेळी वळवता येत नाही.

राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी याच्यासाठी आग्रह धरला होता. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. याच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंग चुकलं तर भलताच शब्द होईल, या भीतीने हा मागे पडला असं सांगितलं जातं. खरं असेल तर एका अक्षराने घात केला बिचाऱ्याचा.

आता मला सांगा, सोलापूरच्या कॉलेजमधलं पथनाट्य पर्यावरणावर आहे आणि त्यात प्राणी कोणता? वाघ. सोलापूरच्या माळावर वाघाचं काय काम? ड्रेपरीवाल्याकडे वाघ आहे म्हणून नाटकात वाघ. माळढोक भाड्याने मिळत नाही म्हणून नाटकात माळढोक नाही. आपण काय बोलायचं हे गोडाऊनमध्ये काय टांगलंय त्यावर ठरतं! भाड्याच्या सोंगावरचा माझा खरा राग हा आहे.

तर, माळढोक बनवू. चोच हलणारा.

तोंड हलवायचे तीन रस्ते आहेत. पहिला हनुवटीचा. मुखवट्याचा खालचा जबडा वेगळा करायचा, कानापुढे जिथे आपला स्वतःचा जबडा फिरतो, बरोबर त्या रेषेत दोन्ही बाजूंना बिजागरी लावायची आणि जबडा एका पट्ट्याने हनुवटीला बांधायचा. आपण बोललो की तो बोलतो. मिटायला वरून इलॅस्टिक. बोलताना आपली हनुवटी फार तर सेंटिमीटरभर खाली जाते. पण बिजागरीपासून मुखवट्याचं टोक हनुवटीच्या अडीचपट लांब असेल, तर तिथे ते अडीच सेंटिमीटर दिसतं. शाळेतली तरफ, दुसरं काही नाही. कुत्रा, वाघ, म्हैस, बोकड यांना हा रस्ता उत्तम. बिजागरी मात्र वरखाली झाली तर पट्टा सरकत राहतो आणि सगळा वेळ हनुवटी शोधण्यात जातो.

दुसरा रस्ता बिग बर्डचा, हात वर. जिवंतपणा सगळ्यात जास्त याच्यात, कारण हाताइतकं हुशार यंत्र अजून निघालेलं नाही. पण खांदा भरून येतो. दहा मिनिटांच्या स्किटला ठीक, शोभायात्रेला अजिबात नाही.

तिसरा रस्ता मला आवडतो तो सायकलच्या ब्रेकचा. माळढोकची मान लांब, चोच आपल्या तोंडापासून फूट-दीड फूट वर, म्हणजे हनुवटी तिथवर पोचत नाही. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट घ्यायचं, त्यावर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप उभा पक्का करायचा, ही मान. वर फोमचं डोकं. खालची चोच कॅनव्हासच्या पट्टीने डोक्याला जोडलेली, म्हणजे तीच बिजागरी. सायकलच्या दुकानातून एक ब्रेक वायर आणि एक ब्रेकची मूठ आणायची. वायर पाइपला बांधत खाली आणायची, मूठ पंखाच्या आत उजव्या हातात. दाबली की चोच उघडते, सोडली की इलॅस्टिकने मिटते. वायरला फार बारीक वळण द्यायचं नाही, नाहीतर ती अडकते. सायकल वापरलेल्या कुणालाही हे माहीत आहे. वायर बसवायला पंक्चरवाल्या मामांची मदत घ्या. इंजिनिअरिंगच्या पोरांनी लगेच सर्व्हो मोटर काढू नये. मोटर ऐन प्रयोगात रुसते आणि तिला हातोडीने समजावता येत नाही.

बघायचं कुठून? आपला चेहरा पक्ष्याच्या मानेच्या बुडाशी येतो. तिथे मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, बाहेरून पांढरट रंगाचा. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतला दिसत नाही.

कापडाबद्दल बोलताना मात्र मी थोडा फुशारणार आहे. मुंबई-पुण्याचे कॉस्प्लेवाले केसाळ कापडासाठी ऑनलाइन ऑर्डर टाकून आठवडाभर वाट बघत बसतात. आपण टेरी टॉवेलच्या गावात राहतो! टॉवेलचे ते उभे फासे म्हणजे आयती लव आहे. लांबून बघितलं तर टॉवेल कुणाला दिसत नाही, पिसांचा मऊपणा दिसतो. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी वाढलेल्या मित्रमैत्रिणींना विचारा, सेकंडचा माल कुठे मिळतो ते त्यांना तोंडपाठ असतं. आणि आपण गणवेशाच्याही गावात राहतो. शिलाईच्या कारखान्यातून कतरण निघते ती कोणत्या रंगाची? खाकी, चॉकलेटी, तपकिरी, काळी. माळढोकचं अंग नेमकं याच रंगांचं आहे. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरट, अंग तपकिरी, छातीवर काळा पट्टा. देवाने हा पक्षी सोलापुरातच कतरणीतून शिवला असावा असा मला दाट संशय आहे.

फक्त एक चूक टाळा. अख्खं अंग टॉवेलचं करू नका. टॉवेलचा जन्मच पाणी प्यायला झालेला आहे. तासाभरात तुमचा सगळा घाम तो पिणार आणि दुप्पट जड होणार. टॉवेल फक्त डोक्याला आणि मानेला. अंगाला जुन्या सुती साडीचा सैल झगा, त्यावर कतरणीच्या पट्ट्या पिसांसारख्या, खालून वर अशा ओळींनी शिवायच्या, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. हे काम वेळखाऊ आहे. चौघांनी मिळून बसलात तर गप्पांत होऊन जाईल. फोम चिकटवायला कुशनवाले वापरतात तो रबरी गम घ्या, पण बंद खोलीत लावू नका, गच्चीवर जा. त्याचा वास डोक्यात जातो.

नर माळढोकचं अजून एक वैशिष्ट्य आहे. विणीच्या दिवसांत मादीला खूश करायला तो गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती खाली लोंबते, आणि तो खोल, घुमणारा आवाज काढतो. पोशाखात गळ्यापाशी कापडी पिशवी, आत एक मोठा फुगा, त्याची नळी पंपाला. प्रयोगात हा फुगा हळूहळू फुगायला लागला की पब्लिक काय करेल, याची कल्पना तुम्हीच करा. सीटी वाजवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की पक्षी लाजतो.

आता खरी परीक्षा, बोलण्याची. हनुवटीच्या जबड्याला ओठांचं ज्ञान आपोआप असतं, ब्रेकच्या वायरला नसतं. प, फ, ब, भ, म म्हणताना आपले ओठ मिटतात. शब्दभ्रम करणाऱ्या कलाकारांना हीच अक्षरं सगळ्यात जास्त छळतात, कारण त्यांना ओठ न हलवता ती काढायची असतात. आपला प्रश्न उलटा आहे. आपण आत बिनधास्त ओठ हलवू शकतो, पण वर चोच त्या वेळी मिटलेली असायला हवी. आणि प्रत्येक अक्षराला उघडझाप करायची नसते. स्वर मोठा असेल तिथे मोठी उघडायची, बाकी थोडी. नवशिके नेमकं उलटं करतात: शब्द सुरू होताना चोच फटकन मिटतात. मग पक्षी बोलत नाही, शब्द चावतो.

यासाठी सोलापूरकरांना रियाजाचा तयार शब्द मिळालेला आहे. 'काय बे!' म्हणून बघा. 'का'ला चोच पूर्ण उघडी, 'य'ला अर्धी, 'ब'ला टपकन मिट, आणि 'ए'ला परत उघड. चार हालचाली, दोन शब्द. आरशासमोर उभं राहून हे शंभर वेळा जमलं, की तुमचा माळढोक कुठलाही संवाद म्हणू शकतो. पुणेकर मंडळींनी आपापला शब्द शोधावा.

आणि डोकं हलवायला विसरू नका. माणूस बोलताना नुसता जबडा हलवत नाही. वळतो, झुकतो, ऐकताना मान तिरकी करतो. समोरचा बोलत असताना चोच मिटून, मान कलती करून ऐकणारा पक्षी बोलणाऱ्या पक्ष्याइतकाच जिवंत वाटतो. दुकानातल्या अस्वलाला तेवढंही जमत नाही, कारण त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरावं लागतं, नाहीतर ते फिरतं.

उन्हाचं मात्र नीट ऐका. सोलापूर आहे हे, लंडन नाही. आतल्या माणसाने सलग पंधरा मिनिटांच्या वर आत राहायचं नाही. बाहेर एक जण फक्त त्याच्यासाठी उभा: हातात पाणी, घड्याळावर नजर, आणि 'बाहेर काढा' यासाठी आधी ठरवलेली एक खूण. पोशाख एका झटक्यात, आतल्याला स्वतःला काढता आला पाहिजे. पाठीला चेन लावून कुणाला आत कोंडायचं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी प्रयोगच नको. हे नियम पाळताना एक गोष्ट आपोआप लक्षात येईल. दुकानाच्या दारात तास न् तास उभ्या असलेल्या त्या पोराला यातलं काहीच मिळत नसतं. पुढच्या वेळी दिसला तर त्याच्यासोबत सेल्फी नंतर, आधी पाण्याची बाटली.

यावर हमखास येणारा प्रश्न: एवढं करायचं कशाला? मोबाइलमध्ये माळढोकचा फोटो टाकला, एआयला सांगितलं, की दोन मिनिटांत तो बोलतो. ओठ काय, पापण्यासुद्धा हलवतो. खरंय. मला ते बघायला आवडतंही. पण पार्क चौकात पथनाट्य चालू असताना एखादी आजी मोबाइलमधल्या माळढोकला विचारणार नाही, 'काय रे, खातोस काय तू?' सात फुटी माळढोक समोर मान कलती करून उभा राहिला, की ती विचारते. आणि मग त्याला उत्तर द्यावं लागतं, लगेच, आजीच्या भाषेत. कतरण शिवण्यात गेलेला महिना इथे वसूल होतो. रील एका बाजूने बोलतं. सोंगाला उलट प्रश्न येतात.

भाषेवरून आठवलं. आपल्या गावात एका भाषेवर भागत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, विजापूर वेशीपाशी दखनी. तुमच्या ग्रुपमध्ये या सगळ्या भाषा बोलणारे कुणी ना कुणी आहेतच. पोशाख एकच, आतला माणूस बदलायचा. पक्षी तोच, भाषा वेगळी. भाड्याच्या वाघाच्या बापाला हे जमणार नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि कधी कधी सरांचाही: हा टाइमपास आहे, याला मार्क किती? मार्क नाहीत. पण तरफ, बिजागरी, पॅटर्न कटिंग, आवाज, गर्दीशी बोलणं आणि एका पक्ष्याची पूर्ण माहिती, एवढं एकाच महिन्यात शिकवणारा दुसरा प्रोजेक्ट मला दाखवा. आणि गावात काही होत नाही म्हणून पुण्याची गाडी पकडणाऱ्यांना एक विचारायचंय. ज्या गावात टॉवेल विणला जातो, गणवेश शिवला जातो, त्या गावच्या पोरांना गॅदरिंगचा ड्रेस बाहेरून मागवावा लागतो, यात नेमकी कमी कशाची आहे? कापडाची तर नाही.

माळढोकच का, असं काहींना वाटेल. त्याचा हट्ट नाही. उजनीतला चिलापी करा. मासा तर येताजाता तोंड उघडत-मिटतच असतो, वायरचंही काम सोपं. धरण भरलेलं असताना नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी का येतं, हे विचारायला माशाहून योग्य कोण? 'मी पोहतोय ते पाणी तुझ्या बादलीत का नाही बे?' असं माशाने विचारलं तर समोरचे पुढारीसुद्धा हसतील. हसल्यावर उत्तर द्यायला पाहिजे, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात येईल.

पण पहिला मान माळढोकला द्यावा असं मला वाटतं. मासा निदान बाजारात दिसतो. माळढोक आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल, आणि पुढच्यांनी पाहण्याची शक्यता दरवर्षी कमी होतेय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. आज पुठ्ठ्याची चोच कापलीत, तर तोवर पक्षी उभा राहतो. पुठ्ठ्याचीच कापा आधी, फोमला हात नंतर लावा. चोच नीट मिटेपर्यंत तीन-चार पुठ्ठे वाया जातातच.

आणि संवाद लिहायच्या आधी एकदा सकाळी लवकर नान्नजला जाऊन या. तिथे माळावर फिरणाऱ्या वनरक्षकांशी बोला. पक्षी दिसेल याची खात्री नाही. काळवीट दिसतील, गवत दिसेल, वरून जाणाऱ्या तारा दिसतील. शेवटचा कधी दिसला होता ते विचारून, वहीत तारखेसकट लिहून आणा. कारण पथनाट्य संपल्यावर, टाळ्या वाजल्यावर, एखादं पाच-सहा वर्षांचं पोरगं पुढे येणार, वर बघणार आणि विचारणार, 'तुझ्या घरचे बाकीचे कुठंयत?' त्या वेळी चोच उघडायची आहे. आतल्या माणसाला उत्तर माहीत हवं.